संकासुराची उंच टोपी संगणकावरील मॉडेलवरून कागदाची कशी करावी?

कोकणातील शिमग्यात नाचणाऱ्या संकासुर या सोंगाची टोपी मुळात शंकूच असल्याने ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून ते पेपाकुरा डिझायनर या मॉडेल सपाट कागदावर उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलगडले, की वर्तुळाची एक पाकळी तेवढी मिळते. डोक्याचा घेर 54 सेंटिमीटर असल्यास 2 सेंटिमीटर सैल धरून 56 घ्यावा. तिरकी उंची 45 ठेवल्यास पाकळीचा कोन सुमारे 71 अंश येतो, आणि ती ए-4 कागदावर मावत नसल्याने तिचे तुकडे पाडावे लागतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवावे, अन्यथा टोपी आखडते. माझी पहिली टोपी अशीच कपाळावर अडकली होती. 180 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचा) कार्डशीट पुरतो.

खरी अडचण आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेची. कागद मऊ पडतो आणि पांढरा गोंद लवकर सुकत नाही, म्हणून कागद छपाईपर्यंत पिशवीत बंद ठेवावा, जोडासाठी ठेवलेल्या 8 मिलिमीटरच्या कडांना गोंदाचा अगदी पातळ हात द्यावा आणि सांधा सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवावा. कडांची घडी शाई संपलेल्या बॉलपेनने, पट्टी लावून आधीच दाबून घ्यावी. इंकजेटची शाई घामाने पसरते; त्यामुळे आतून कपाळपट्टीला सुती कापड चिकटवावे.