वैशाखातल्या लग्नासाठी फुले घेताना

आपल्या घरचे लग्न वैशाखात असल्याने शेवंतीचा आग्रह सोडून मोगऱ्यावर भर द्यावा, असे मी सुचवेन. शेवंतीचा खरा बहर थंडीत असतो, तर मोगरा उन्हाळ्यातच भरभरून येतो आणि त्यामुळे तुलनेने परवडतो. मात्र मोगऱ्याची पहाटे खुडलेली कळी त्याच संध्याकाळी उमलते, म्हणून गोरज मुहूर्ताच्या गजऱ्यांसाठी टपोऱ्या, पांढऱ्या, मिटलेल्या कळ्या त्याच दिवशी सकाळी घ्याव्यात. हिरवट कळ्या उमलतच नाहीत.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मुंबईत दादरच्या फूल बाजारात भल्या पहाटे जावे आणि लग्नाआधी आठवडाभर एक फेरी नुसतीच मारून भावाचा अंदाज घ्यावा. झेंडू, निशिगंध अशी सुटी फुले किलोवर मिळतात, आणि पाणी मारलेला झेंडू वजनात फसवतो. म्हणून ढिगात खालपर्यंत हात घालून पाहावे. (विक्रेता कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.) झेंडूचा देठाकडचा भाग हिरवा व घट्ट असावा, तो काळवंडला असेल तर फूल शिळे समजावे. गुलाबाच्या गड्डीत पाकळ्यांच्या बुडाशी हलकेच दाबून पाहावे. तेथे मऊ लागणारे फूल वरमाला घालेपर्यंत टिकणार नाही. घरी आणल्यावर गुलाबाचे देठ तिरके कापून पाण्यात ठेवावेत, सुटी फुले मात्र ओलसर सुती कापडावर सावलीत पसरावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास ती वाफेने सडतात.