जमिनीसाठी आले, खाणीत उतरले

प्रश्न : अमेरिकेत १६० एकर जमीन फुकट मिळत होती. मग स्वीडिश शेतकरी कोळशाच्या खाणीत कशाला गेले?

उत्तर : १८६२च्या होमस्टेड कायद्याने जमीन दिली, बैलजोडी नाही. नांगर, बियाणं, पहिलं पीक हाती येईपर्यंतचा दाणागोटा, सगळं विकतच. १८६७-६९च्या दुष्काळातून निघालेल्या माणसाकडे बोटीचं भाडं भरल्यावर उरणार काय? रोख पैसा रेल्वेच्या कामावर, लाकूडतोडीत नाहीतर खाणीत मिळे. आयोवा, इलिनॉय, कॅन्ससमध्ये कोळसा शेतांच्या शेजारीच होता. त्याला खरी मागणी हिवाळ्यात, म्हणजे शेत बर्फाखाली असताना.

प्रश्न : स्वीडनमध्ये जुन्या खाणी आहेत. म्हणजे हे लोक मुरलेले खाणकामगार असणार ना?

उत्तर : फालूनचं तांबं, दान्नेमोराचं लोखंड प्रसिद्धच. पण कोळसा म्हणाल तर दक्षिणेत, स्कोने प्रांतात तेवढा. कोळशाच्या कामात मुरलेले होते ते वेल्श, इंग्रज आणि स्कॉटिश.

प्रश्न : मजुरी रोजावर होती का?

उत्तर : बहुतेक टनावर, आणि खरी मेख तिथेच. कुशीवर आडवं होऊन थराच्या बुडाशी कुदळीने खाच घ्यायची, वर भोक पाडून दारू ठासायची, बार उडवायचा, मग फावड्याने गाडी भरायची. दारू आणि दिव्याचं तेल पदरचं. छताला टेकू देणं, पडलेला दगड उपसणं हे बहुधा बिनपैशाचं. वर आल्यावर बऱ्याच खाणींत कोळसा चाळणीवर ओतून मगच तोलत. खाली पडलेला चुरा कामगाराच्या हिशेबात नाही, कंपनी मात्र तो विकायची! काट्यावर आपला माणूस हवा, ही मागणी मला पगारवाढीपेक्षाही मोठी वाटते.

प्रश्न : इतर वंशांच्या कामगारांशी त्यांचं कसं जमे?

उत्तर : गावागणिक वेगळं. वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी कामगार मारले. त्या गोऱ्यांत स्कँडिनेव्हियनही होते. शिक्षा कुणालाच झाली नाही. उलट आयोवात मचाकिनॉक आणि पुढे १९००च्या सुमारास वसलेलं बक्स्टन इथे स्वीडिश आणि कृष्णवर्णीय एकाच कंपनीच्या खाणींत राबले. बक्स्टनमध्ये तर कृष्णवर्णीयच बहुसंख्य. स्वीडिशांची वस्ती मात्र वेगळी, ‘स्वीड टाउन’ नावाची. त्यामुळे ‘सगळे गुण्यागोविंदाने नांदले’ असं सरसकट म्हणू नये.

प्रश्न : कामगारांची गाणी लिहिणारा स्वीडिश गीतकार जो हिल कोळसा खाणीतलाच ना?

उत्तर : नाही. तो १९०२मध्ये अमेरिकेत आला आणि युटात पार्क सिटीच्या खाणीत राबला, पण ती चांदीची.