हडसनकाठची कुळं

प्रश्न : लेकीकडे न्यू यॉर्क राज्यात पकिप्सीला चार महिने राहून आलो. आमचे आजोबा कूळ. खंड घालण्यात जन्म गेला. जमीन नावावर झाली ती वडिलांच्या, कूळकायद्यानं. हे सांगितलं तर जावई म्हणाले, अमेरिकेत ही भानगडच नव्हती, कसेल तो मालक. खरं का?
– एक निवृत्त तलाठी, वाई

उत्तर : भाऊसाहेब, हडसन नदीकाठच्या त्याच पकिप्सीत, इंग्रजी अमलात, ऑगस्ट १७६६मध्ये एका कुळाला फाशी सुनावली गेली. तीही साधी नव्हे. फासावरून जिवंत उतरवायचं, आतडी काढायची, मग धडाचे चार तुकडे. गुन्हा राजद्रोह. माणूस विल्यम प्रेंडरगास्ट, मूळचा आयर्लंडचा.

भांडण तुमच्या ओळखीचंच. फिलिप्स घराण्याला १६९७मध्ये जमिनीची सनद मिळाली; पकिप्सीच्या दक्षिणेची आजची जवळजवळ अख्खी पटनम काउंटी, म्हणजे जिल्हाच, तिच्यात. रान तोडून शेत करायचं कुळानं, खंड भरायचा कुळानं, आणि मालकाच्या मनात आलं की ऊठ. वापिंगर आदिवासी म्हणत, हा सगळा मुलूख आम्ही विकलाच नव्हता. काही कुळांनी त्यांच्याकडूनच भाडेपट्टे लिहून घेतले. एका जमिनीचे दोन सातबारे म्हणा ना! मालकांनी अशांना हुसकायला घेतलं, तेव्हा प्रेंडरगास्टची माणसं त्यांना परत घरात नेऊन बसवू लागली. शेवटी लष्कर आलं.

मला सगळ्यात झोंबतं ते वेगळंच. आदल्याच वर्षी ब्रिटिशांनी कागदपत्रांवर लादलेल्या स्टँप कराविरुद्ध न्यू यॉर्क शहर दणाणून सोडणारे ‘स्वातंत्र्यपुत्र’ कुळांना आपले वाटले. शेकडो शेतकरी शहराच्या वेशीपर्यंत गेले, पण कुणी दारात उभं केलं नाही. माँट्रेझर या ब्रिटिश लष्करी इंजिनियरनं रोजनिशीत टोमणा मारलाय, की दंगा करायचा हक्क फक्त आपला, असं या मंडळींचं मत दिसतं. इंग्रज होता, पण बोलला खरं. स्टँप कराविरुद्धच्या परिषदेत न्यू यॉर्कतर्फे बसलेले रॉबर्ट लिव्हिंगस्टन स्वतःच बडे जमीनदार होते!

प्रेंडरगास्ट वाचला तो बायकोमुळे. मेहिटेबल खटल्यात त्याच्या शेजारी बसून मुद्दे सुचवत होती. हिला बाहेर काढा, ज्युरीवर परिणाम होतोय, अशी सरकारी वकिलानं तक्रार केली. शिक्षा झाल्यावर ती घोड्यावरून थेट न्यू यॉर्कला गव्हर्नरकडे गेली आणि तहकुबी घेऊन आली. इकडे शेरीफला फाशी द्यायला माणूस मिळेना. बक्षीस देऊ, वेषांतर करून देऊ, अशी जाहिरात द्यावी लागली. पुढे राजानं माफी दिली.

वापिंगरांचा प्रमुख डॅनियल निमहॅम त्याच वर्षी दाद मागायला लंडनला गेला. तिथं ऐकून घेतलं, चौकशी न्यू यॉर्कवरच सोपवली. म्हणजे निकाल ठरलेला. जमीन मिळाली नाही. तरी क्रांतियुद्धात तो अमेरिकनांच्याच बाजूनं लढला आणि १७७८मध्ये मारला गेला. पकिप्सीच्या दक्षिणेला फिशकिल गावात २०२२मध्ये त्याचा पुतळा बसवलाय. पुढच्या खेपेला जावईबापूंनाच गाडी काढायला सांगा.