व्हिटॅमिन सी, झिंकच्या गोळ्यांनी व्हायरल इन्फेक्शनविरुद्धची प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

शरीरात मुळात कमतरता असेल तर ती भरून काढण्याचा फायदा होतो. नसेल तर वरून घेतलेल्या गोळ्यांनी फारसं काही होत नाही.

व्हिटॅमिन सीचंच बघा. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 सालच्या आढाव्यानुसार, रोज गोळी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. सर्दीचा मुक्काम मात्र मोठ्यांमध्ये सुमारे 8 टक्क्यांनी घटला, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. तोही गोळी आधीपासून रोज चालू असेल तर. शिंका सुरू झाल्यावर पाकीट फोडून उपयोग नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांना बराच फायदा दिसला, पण आपण काही त्यातले नाही!

कोविडमध्ये घरोघरी झिंक आणि सीच्या गोळ्या खपल्या. 2021 मध्ये अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांवर दोन्हींचे मोठे डोस तपासले गेले, लक्षणं लवकर कमी झाली नाहीत.

डी व्हिटॅमिनची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर घ्या. पण ते 60,000 युनिटचं सॅशे आठवड्याचं असतं, रोजचं नव्हे. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. झिंकचा अतिरेक बराच काळ चालला की शरीरात तांबं कमी पडतं.

पैसे खर्चायचेच असतील तर डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्या, विशेषतः घरात ज्येष्ठ मंडळी किंवा मधुमेही असतील तर.