आमच्या कुत्र्याला पावसाळ्यात वारंवार ओले चट्टे येतात, केस गळून लस वाहते. घरच्या घरी काय लावावं?

काय लावू नये ते आधी सांगतो. जळकं इंजिन ऑइल. हसू नका, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने लावलंय.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला, दादा दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात चार दिवस बाहेरगावी जायचं होतं, म्हणून आमचा लॅब्रॅडॉर भुऱ्या मळ्यावर सोडला. निघताना उजव्या गालावर, कानाच्या खाली, रुपयाएवढा चट्टा होता. परत आलो तर तळहाताएवढा, वर काळंकुट्ट ऑइल थापलेलं. "मळ्यातली कुत्री यानेच बरी होतात, तुमचे शहरातले लाड!" इति दादा. गाल चाटता येत नाही हे खरं, पण भुऱ्या पंजाने खाजवायचा आणि पंजा चाटायचा. रात्री घरी दोनदा ओकला. मी फोनवर दादाला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

सकाळी डॉक्टरांनी केस कापले तर खाली जखम दिसत होती त्याच्या दुप्पट. मग त्यांनी कान उलटा केला. आत तपकिरी मळ, कुबट वास. भुऱ्याची खाज कानात होती, चट्टा नुसता खाजवून झालेला. त्याआधीच्या वर्षभरात तीन वेळा त्याच गालावर चट्टा आला होता आणि मी दर वेळी हळद-खोबरेल लावत होतो, म्हणजे ओल आत कोंडून ठेवत होतो. दर रविवारी गंगापूर धरणाच्या पाण्यात त्याला पोहवणाराही मीच, आणि कान कधी पुसले नव्हते. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

तर चट्टा कुठे येतो ते बघा. गालावर असेल तर कान तपासा. शेपटीच्या बुडाशी असेल तर पिसवा, नाहीतर गुदाजवळच्या ग्रंथी. पिसवांची अंडी-अळ्या कुत्र्यापेक्षा त्याच्या अंथरुणात आणि फरशीच्या फटीत जास्त असतात, नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

घरी करायचं ते एवढंच: चट्ट्याभोवतीचे केस ट्रिमरने काढा (कात्रीने नको, कातडी कापली जाते), फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जखमेवरचं जंतुनाशक) दिवसातून दोन-तीनदा टिपून लावा, कोरडं करा, आणि गळ्यात कोन (चाटता-खाजवता येऊ नये म्हणून घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर) घाला. कोन न घालता बाकी सगळं केलंत तर काही उपयोग नाही. स्पिरिट, डेटॉल, टी ट्री ऑइल, माणसांची मलमं नकोत.

हो, राहिलंच. हे चट्टे काही तासांत पसरतात. डोळ्याजवळ असेल, पू असेल, ताप असेल, खाणं सोडलं असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सारखे येत असतील तरीही जाच.

"मळ्यातल्या कुत्र्यांना काही होत नाही" म्हणणाऱ्यांना एकच विचारा, त्यांचे कान शेवटचे कधी बघितले? दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "कुत्र्याचे कान कोण बघतं?" पण गेल्या महिन्यात त्याचाच फोन, ते चहासारखं पाणी नक्की किती फिकं करायचं म्हणून. कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही.