वाचकांचे प्रश्न : दिव्यांग विद्यार्थी, वाढीव वेळ आणि तक्रारीची पोच

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची दृष्टी अधू असून दाखल्यावर ७५ टक्के दिव्यांगत्व नोंदले आहे. परीक्षेपूर्वी आम्ही लेखनिक आणि वाढीव वेळ मागितला, तेव्हा महाविद्यालयाने तोंडी होकार दिला. प्रत्यक्ष पेपरला लेखनिक बसू दिला, पण तीन तास होताच उत्तरपत्रिका काढून घेतली. विचारायला गेलो, तर ‘झेपत नसेल तर बाहेरून परीक्षा द्या’ असे ऐकावे लागले. दोन विषय गेले. आम्हाला मराठीच नीट लिहिता येते आणि तक्रार केली तर अंतर्गत गुण कापतील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या मुलीने कोणाकडे उपकार मागितलेले नाहीत, हे प्रथम मनात पक्के करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये भेदभावाची जी व्याख्या आहे, तीतच ‘वाजवी सोय नाकारणे’ याचा समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही वेळ ताशी किमान २० मिनिटे असते. म्हणजे तीन तासांच्या पेपराला पूर्ण एक तास वाढवून मिळायला हवा होता, आणि लेखनिक दिला म्हणून तो तास कापता येत नाही.

आपले प्रकरण अडले ते तोंडी होकारापाशी. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत हीच गोष्ट असते: सर ‘हो’ म्हणाले, बाईंनी ‘बघू’ म्हटले, आणि परीक्षेच्या सकाळी पर्यवेक्षकाला कोणी काही सांगितलेलेच नव्हते. म्हणून आता साध्या कागदावर अर्ज लिहा. कोणत्या तारखेला, कोणत्या पेपराला, किती वाजता उत्तरपत्रिका घेतली आणि त्या वेळी कोण हजर होते, हे त्यात क्रमाने यावे. दाखल्याची प्रत जोडा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत निवेदन देता येते, आणि आपल्या सीमाभागात मराठी वापरली जात नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही. तरीही ओळखीच्या एखाद्या शिक्षकाकडून कन्नड किंवा इंग्रजी प्रत करून घेऊन सोबत जोडावी, असे मी सुचवीन. हक्क मराठी प्रतीनेही शाबूत राहतो, पण ‘वाचता आले नाही’ या सबबीखाली पंधरा दिवस वाया जाण्यात मुलीचेच नुकसान आहे.

हा अर्ज महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. येथे एका शब्दाची काळजी घ्या. लोकपाल फेरतपासणीचे किंवा गुणांच्या फेरमोजणीचे साधे अर्ज ऐकत नाहीत, मात्र भेदभावाचा नेमका प्रसंग दाखवून दिला तर ऐकतात. म्हणून ‘गुण कमी पडले’ असे न लिहिता ‘दिव्यांगत्वामुळे मिळायला हवा असलेला एक तास नाकारला’ असे लिहा, आणि त्या दोन विषयांची परीक्षा योग्य वेळ देऊन पुन्हा घ्यावी, अशी स्पष्ट मागणी करा. एवढ्यानेही दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे दार आहे. त्यासाठी ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूला हेलपाटे घालण्याची गरज नाही, तक्रार नोंदणीकृत टपालाने पाठवावी. आयुक्तांनी शिफारस केली, की संबंधित संस्थेने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते.

अंतर्गत गुणांची भीती खरी आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. अर्ज देण्यापूर्वी आतापर्यंतच्या अंतर्गत गुणांच्या आणि हजेरीच्या नोंदींची प्रत मिळवून ठेवा, आणि पुढील मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांकडून व्हावे, ही विनंती त्याच अर्जात करा.

प्रश्न : लिहिताना माझ्या हाताला मुरड येते. दाखल्यावर टक्केवारी ४० पेक्षा कमी असल्यामुळे लेखनिक मिळणार नाही, असे सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : नाही. ४० टक्क्यांची अट प्रामुख्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात अगदी आपल्यासारख्याच त्रासाच्या उमेदवाराला लेखनिक मंजूर केला आणि ही अट लेखनिकासाठी लावता येत नाही, असे स्पष्ट केले. सरकारी रुग्णालयातून ‘लिहिण्यास अडचण आहे’ असे प्रमाणपत्र घ्या आणि निकालाचा उल्लेख करून परीक्षेच्या पुष्कळ आधी अर्ज द्या.

प्रश्न : मी तक्रार निवारण समितीचा सदस्य आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीचे तास दुसऱ्या मजल्यावर भरतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. संस्था निधी नसल्याचे सांगते. विद्यार्थिनीची समजूत काढून प्रकरण मिटवावे, असे बहुतेक सदस्यांचे मत आहे. आपल्याला काय वाटते?
— एक प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : समजूत कोणाची काढायची, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारावा. समेटाला माझा विरोध नाही, पण जी मुलगी मैत्रिणींच्या हातांवर उचलून वर नेली जाते, तिला ‘थोडे सांभाळून घे’ असे सांगणे याला समेट म्हणता येणार नाही. इमारत आणि परिसर वापरण्याजोगे करणे ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे संस्थेची जबाबदारी आहे. लिफ्टला वेळ आणि पैसा लागेल हे मान्य केले, तरी वेळापत्रक बदलून तिच्या वर्गाचे तास तळमजल्यावर आणायला एक दुपार पुरते. हा तात्पुरता आदेश चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता पहिल्याच बैठकीत द्यावा. त्यानंतर प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि स्वच्छतागृह यांपर्यंत ती पोहोचू शकते का, हे कागदावरून न ठरवता तिच्यासोबत प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि लिफ्टबाबत संस्थेकडून तारखेसह लेखी उत्तर घ्यावे. सोय का देता आली नाही, हे संस्थेने पटवून द्यायचे आहे. आपली अडचण खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या मुलीवर टाकू नये. आपल्या पत्रावरून बैठक प्राचार्यांच्या दालनात, म्हणजे पहिल्या मजल्यावर, होणार असल्याचे दिसते. नोटीस निघण्यापूर्वी ती खोली बदलून घ्या.