पेनंटची शर्यत: आकडा ३४, जमले ३३

प्रश्न : बेसबॉलच्या तक्त्यात संघ ‘साडेसहा सामने मागे’ असतो. अर्धा सामना कुठून येतो? आणि १९५१ साली १३ सामने पुढे असलेल्या ब्रुकलिन डॉजर्सच्या हातून पेनंट निसटलं कसं? (नाशिक)

उत्तर : पेनंट म्हणजे लीगच्या विजेत्याचा झेंडा. तेव्हा नॅशनल लीगमध्ये ८ संघ होते आणि प्रत्येकाचे १५४ सामने. पहिला येईल तो वर्ल्ड सिरीजला (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जाणार, दुसरा घरी.

११ ऑगस्टच्या रात्रीचा तक्ता घ्या. डॉजर्स ७० विजय, ३६ पराभव. न्यूयॉर्क जायंट्स ५९ विजय, ५१ पराभव. विजयांतला फरक ११, पराभवांतला १५. बेरीज २६, तिचे निम्मे १३, म्हणजे जायंट्स १३ सामने मागे. दोघांनी खेळलेल्या सामन्यांच्या संख्येतला फरक विषम असला की ही बेरीज विषम येते आणि तक्त्यात अर्धा दिसतो. शर्यत पाहताना पराभवांचा रकाना आधी बघत जा. राहिलेला सामना पुढे जिंकता येतो, झालेला पराभव पुसता येत नाही.

आता मॅजिक नंबर. एकूण सामने अधिक १, त्यातून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे : १५५ – ७० – ५१ = ३४. डॉजर्सचे विजय आणि जायंट्सचे पराभव मिळून आणखी ३४ झाले की पेनंट डॉजर्सचं. डॉजर्सनी उरलेल्या ४८ पैकी २६ जिंकले. जायंट्स १२ ऑगस्टपासून सलग १६ जिंकले आणि उरलेल्या ४४ मध्ये फक्त ७ हरले. २६ अधिक ७, म्हणजे ३३. एकच कमी पडला! डॉजर्स कोसळले असं सर्रास म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. निम्म्याहून जास्त सामने जिंकणारा संघ कोसळलेला नसतो. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात १–६ अशा पिछाडीवरून १४व्या इनिंगमध्ये (नेहमीच्या ९ इनिंग असतात) जॅकी रॉबिन्सनच्या होमरनवर (चेंडू सीमेपार, बॅटरसह बेसवरचे सगळे घरी) ते ९–८ जिंकले, म्हणून तर ९६–५८ अशी बरोबरी झाली.

प्रश्न : ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात जायंट्सचा बॅटर बॉबी थॉमसनला मुद्दाम वॉक देऊन, म्हणजे मारता न येणारे चेंडू टाकून, फुकट पहिल्या बेसवर का पाठवलं नाही? (पुणे)

उत्तर : बरोबरी सोडवण्यासाठी तीन सामने होते आणि दोघांनी एकेक जिंकला होता. जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर नववी, म्हणजे शेवटची इनिंग, डॉजर्स ४–२ पुढे, एक आउट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर जायंट्सचे धावपटू. पहिला बेस रिकामा आणि पुढचा बॅटर नवखा विली मेज. पण ते दोन धावपटू घरी (शेवटच्या बेसवर, म्हणजे धाव) आले तर बरोबरी होते, थॉमसन आला तर सामनाच जातो. जिंकून देणारी धाव आपल्या हाताने बेसवर ठेवायची नाही, हा जुना दंडक डॉजर्सनी पाळला. त्यात चूक नव्हती.

खरी अडचण पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, थकव्याची. डॉजर्सचा डॉन न्यूकम २९ सप्टेंबरला पूर्ण सामना खेळला, दुसऱ्या दिवशी ५⅔ इनिंग आणि ३ ऑक्टोबरला ८⅓. पाच दिवसांत २३ इनिंग! त्याच्या जागी आलेल्या राल्फ ब्रँकाला याच थॉमसनने दोन दिवसांपूर्वी होमरन मारला होता. शिवाय या मैदानाची डाव्या रेषेवरची सीमा जेमतेम २७९ फूट, म्हणजे ८५ मीटर, तर मधली सीमा १४० मीटरच्याही पलीकडे. ब्रँकाचा दुसराच चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत गेला. जायंट्स ५–४ जिंकले.

प्रश्न : जायंट्सनी दुर्बिणीतून इशारे चोरले, हे खरं का? (ठाणे)

उत्तर : हो, खेळाडूंनीच पुढे ते कबूल केलं. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) पिचरला बोटांनी खूण करतो, ढोबळमानाने एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा चेंडू. मैदानाच्या मधल्या टोकाला असलेल्या क्लबहाउसमधून कोच दुर्बिणीने ती बोटं वाचायचा, तारेवरून बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागेत) बझर वाजायचा आणि तिथला खेळाडू बॅटरला खूण करायचा. तेव्हा याला मनाई करणारा स्पष्ट नियम नव्हता. निर्णायक चेंडूचा इशारा मिळाल्याचं थॉमसनने नाकारलं. तरी आमच्या मते त्या शर्यतीवरचा हा डाग आहे, कारण एका सामन्यावर सारं ठरलं. २०२२ पासून कॅचर बटणं दाबून पिचरच्या टोपीतल्या स्पीकरवर सांगू शकतो, बोटांची गरज उरलेली नाही.

प्रश्न : आता बरोबरी झाली तर? (मडगाव)

उत्तर : २०२२ पासून जादा सामना होत नाही, आधी आपसातल्या सामन्यांचा हिशेब बघतात. हे दोन्ही संघ १९५८ पासून कॅलिफोर्नियात आहेत. २०२१ मध्ये जायंट्स १०७ आणि डॉजर्स १०६ जिंकले, पण बाद फेरीत डॉजर्सनी जायंट्सना ३–२ असं बाहेर काढलं.